भोकांची डिस्क की खाचांची डिस्क

उसाच्या आणि साखर कारखान्याच्या मुलखात कासारशिंगे नावाचं गाव, आणि त्या गावात एक भोळा मेकॅनिक होता. त्याचं नाव म्हादबा.

भोळा म्हणजे मूर्ख नव्हे, हे मी मुलीला ही गोष्ट सांगताना आधीच सांगून टाकते. तरी गोष्ट संपेपर्यंत ती तीनदा विचारते, की मग मूर्ख म्हणजे कसा असतो. मला अजून नीट उत्तर देता आलेलं नाही.

म्हादबा चाळिशीचा होता. मिशा भरघोस, हात कसबी. गाडी तर इतकी सुरेख चालवायचा की मागे बसलेल्या माणसाच्या पेल्यातला चहा हलायचा नाही. गाडीचं आणि त्याचं जमायचं, कारण दोघंही सांगितलं तेवढंच करायचे.

तो दस्तगीरमामांच्या गॅरेजात कामाला होता. मामा तापट, पण तापून झालं की समजावून सांगणारे. ते समजावून सांगायचे, म्हादबा मान हलवायचा आणि म्हणायचा, "ध्यानात ठेवलं, मामा." आणि तो खरंच ध्यानात ठेवायचा. सगळी अडचण तिथून सुरू व्हायची.

त्या वर्षी नवरात्रात गॅरेजात एक नाजूक काम आलं. गावातल्या नाना सरनोबतांची मुलगी प्रणोती, तिच्याकडे एक लाल स्पोर्ट्स कार होती. सेकंडहँड, दोन माणसांची, आणि इतकी बुटकी की आत बसलं की गावातल्या म्हशी खालून वर बघाव्या लागायच्या. प्रणोतीला घाटातल्या शर्यतीत ती पळवायची होती. मागच्या वर्षी सराव करताना उतारावर ब्रेक तापले, पायाखालचा पेडल लोण्यासारखा खाली गेला आणि गाडी नानांच्या दारावरून सुसाट जाऊन नानांच्याच उसात शिरली. प्रणोतीला काही झालं नाही. उसाच्या चार सऱ्या गेल्या. नानांनी मुलीला जवळ घेतलं, उसाकडे बघितलं, आणि त्या दिवसापासून त्यांना गाडी डोळ्यांसमोर नको झाली.

यंदा त्यांनी अट घातली. खंडेनवमीला सकाळी, पूजेच्या आधी, गाडी त्यांच्या दारात त्यांच्या खुर्चीसमोर आखलेल्या फक्कीच्या रेषेवर येऊन थांबली पाहिजे. थांबली तर प्रणोतीनं शर्यतीला जावं. परत उसात गेली तर दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी विकायची.

म्हणून प्रणोती गॅरेजात आली आणि म्हणाली, मामा, ब्रेकच्या डिस्क नव्या टाका.

डिस्क म्हणजे चाकाच्या आतली लोखंडी ताटली. चाकाबरोबर ती गरगर फिरते, ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी धरतात, आणि गाडी थांबते. धरून धरून ती तापते. साधी ताटली फार तापली की पॅड घसरायला लागतात. म्हणून जोरात पळणाऱ्या गाड्यांना दोन तऱ्हेच्या डिस्क मिळतात. एकीला आरपार भोकं असतात. दुसरीला तिरक्या खाचा कोरलेल्या असतात.

"कुठली घेऊ?" प्रणोतीनं विचारलं. तिचा जीव भोकांच्या डिस्कवर होता, कारण चाकाच्या काड्यांमधून ती झकास दिसते.

मामांनी समजावून सांगितलं. भोकं असली की हवा खेळते आणि डिस्क लवकर निवते. दिसायलाही छान. पण घाटात सारखी तापली, निवली, तापली, की भोकाभोकातून बारीक तडे जातात. खाचांची दिसायला साधी, जरा घरघरते, पॅडही लवकर झिजवते, पण तडकत नाही. शेवटी ठरलं की दोन्ही जोड मागवायचे. हातात घेऊन बघायचे. नको तो जोड दुकानदार परत घेईल.

म्हादबा पान्हे पुसत हे ऐकत होता. त्यातलं एक वाक्य त्याला फार पटलं. भोकं असली की हवा खेळते आणि तापलेलं निवतं.

दुसऱ्या दिवशी एक जीप आली. मालकाची तक्रार होती की रेडिएटर तापतो. मामा म्हणाले, बघ रे म्हादबा.

म्हादबानं बघितलं. त्यानं ड्रिल घेतलं आणि रेडिएटरला सहा भोकं पाडली. सारख्या अंतरावर.

मामा आले तेव्हा फरशीवर तळं झालं होतं.

"हे काय केलंस?"

"हवा खेळती केली, मामा. बघा, हात लावून बघा. गार पडला."

रेडिएटर गार पडला होता, यात शंका नव्हती. मामांनी खुर्चीत बसून डोळे मिटले. जीपच्या मालकानं काय म्हटलं ते मी मुलांना सांगत नाही. मग मामांनी समजावलं. बाबा, ज्याच्यात काही भरलेलं असतं त्याला भोक पाडायचं नसतं. भोक हा दोष. गॅरेजात भोक दिसलं, की पहिलं काम ते बुजवायचं.

"ध्यानात ठेवलं," म्हादबा म्हणाला.

चार दिवसांनी डिस्कचं खोकं आलं. मामा गावात गेले होते. म्हादबानं खोकं उघडलं. खाचांचा जोड ठीक होता. भोकांचा जोड बघून मात्र त्याला दुकानदाराची कीव आली. एकेका डिस्कला साठ-साठ भोकं. त्यानं पुट्टी कालवली, बारीक पट्टी घेतली आणि एकेक भोक बुजवत बसला. वाळल्यावर पॉलिशपेपरनं घासून साफ केलं. दुपारपर्यंत दोन्ही डिस्क अशा गुळगुळीत झाल्या की भाकरी भाजावी.

प्रणोती संध्याकाळी मोठ्या हौसेनं बघायला आली. तिनं डिस्क उलटी केली, सुलटी केली.

"भोकं कुठायत?"

"एक राहू दिलं नाही, ताई," म्हादबा म्हणाला.

दुकानदार असा माल परत घेणार नव्हता आणि कुठल्याही गाडीला तो बसवता येणार नव्हता. त्यामुळे आठवडाभर जिच्यावर चर्चा झाली ती निवड एका दुपारात झाली. खाचांची डिस्क. प्रणोती डिस्क खाली ठेवून म्हणाली, बरं झालं, माझं काही ठरत नव्हतं. बुजवलेल्या दोन डिस्क मामांनी गॅरेजच्या दाराला आतून टेकवून ठेवल्या. वाऱ्यानं दार आपटायचं, ते थांबलं. तेवढं तरी त्या डिस्कनी थांबवलं.

मामांनी परत समजावलं. म्हादबा, काही भोकं, काही खाचा मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्या बुजवायच्या नसतात, मोकळ्या ठेवायच्या असतात. कुठं काही अडकलेलं दिसलं तर ते काढून टाकायचं.

"अडकलेलं दिसलं की काढायचं."

"शाबास."

"ध्यानात ठेवलं."

लगेच दुसऱ्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाईंची गाडी धुवायला आली. म्हादबानं ती धुतली, पुसली, दारं तपासली. दाराच्या वरच्या कडेला एक लांब खाच होती. त्या खाचेत काच अडकली होती. चारही दारांना तेच. म्हादबानं चारही काचा काढल्या आणि भिंतीला नीट ओळीनं लावून ठेवल्या.

मोठ्या बाई आल्या. त्यांनी गाडीत बसून काच खाली करायचं बटण दाबलं. मग आपण नेमकं काय खाली करतो आहोत ते त्यांनी हात बाहेर काढून बघितलं.

त्या दिवशी मामा फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, की म्हादबा, इथून पुढं विचारल्याशिवाय काही म्हणजे काही काढायचं नाही. आधी विचार. हो म्हटलं तर काढ.

म्हादबानं ध्यानात ठेवलं.

इथे एक सांगायला हवं. पुस्तकात बाळाला दर तीन तासांनी दूध द्यावं असं लिहिलेलं असतं, म्हणून गाढ झोपलेल्या बाळाला गजर लावून उठवणारी एक बाई मला चांगली माहीत आहे. शिकलेली आहे. तेव्हा म्हादबाला हसताना मी जरा बेतानं हसते.

तर, दुसऱ्या दिवशी दुपारी म्हादबानं स्टोव्हवर चहा ठेवला. चहा उकळला आणि वर यायला लागला. पातेलं काढायला हवं होतं. पण विचारल्याशिवाय काही काढायचं नव्हतं, आणि मामा बाजारात होते. म्हादबा बाजारात गेला. पायी. मामा हार्डवेअरच्या दुकानात नटबोल्ट मोजून घेत होते. त्यांचं मोजून होईपर्यंत तो अदबीनं थांबला.

"मामा, चहाचं पातेलं उतू जातंय. काढू का?"

मामांनी त्याच्याकडे बघितलं. "कुठल्या पातेल्याचं म्हणतोस?"

"गॅरेजातल्या."

दोघं पळत आले. पातेलं काळंठिक्कर पडलं होतं आणि धूर निघत होता. मामा धापा टाकत ओरडले, काढ की. परवानगी मिळाली होती. म्हादबानं दोन्ही हातांनी पातेलं धरलं.

त्याच्या बोटांना मलम लावता लावता मामा हळू आवाजात बोलले. त्यांनाही वाईट वाटलं होतं. तापलेल्या वस्तूला कधी हात लावायचा नाही, आधी ती निवू द्यायची, असं त्यांनी त्याला लहान पोराला सांगावं तसं दोनदा सांगितलं. मुलांनो, हे तुम्हीही ध्यानात ठेवा. ठेवा म्हणजे, बेतानं ठेवा.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मामांनी स्वतः खाचांच्या डिस्क बसवल्या. म्हादबाला त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. फक्त एक गोष्ट राहिली होती. नव्या डिस्कला आणि नव्या पॅडला एकमेकांची सवय लावावी लागते. ते काम गाडी चालवूनच होतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजात पान्हे, जॅक, ड्रिल सगळं धुऊन झेंडूच्या माळा घालून पूजेला बसलं. खंडेनवमीला हत्याराला काम सांगायचं नसतं, आणि मामांच्या गॅरेजात ते त्यांच्या वडिलांपासून पाळलेलं. दारात पूजेसाठी गावातल्या गाड्यांची रांग लागली होती. मामांना हलता येईना. प्रणोतीला नाना डिस्कची परीक्षा होईपर्यंत गाडीत बसू देईनात. आणि गाडी सुरेख चालवणारा आणखी एकच माणूस गावात होता.

मामांनी त्याला गाडीत बसवलं आणि खिडकीत वाकून एकेक शब्द सुटा करून सांगितला. खालच्या रस्त्यानं पळव. दहा वेळा ब्रेक दाबून वेग कमी कर, पण एकदाही पूर्ण थांबवायची नाही. डिस्क चांगल्या तापतील. मग ब्रेक न दाबता गावाला चकरा मार. गॅरेजवरून चढानं नानांच्या दारावरून वर, पाण्याच्या टाकीला वळसा, पलीकडच्या रस्त्यानं खाली. डिस्क निवेपर्यंत. तापलेल्या डिस्कवर गाडी उभी करायची नाही. हँडब्रेक तर ओढायचाच नाही. निवली की नानांच्या रेषेवर आणून थांबव.

"आणि वाटेत पोरं हात करतील, फोटो काढू म्हणतील, थांब म्हणतील. थांबायचं नाही. कुणीबी म्हणू दे."

"तुम्ही म्हटलं तर?"

मागून हॉर्न वाजत होते. "कुणीबी," मामा म्हणाले.

"ध्यानात ठेवलं," म्हादबा म्हणाला, आणि गेला.

दहा वेळा ब्रेक त्यानं असा दाबला की मामांनाही तसा जमला नसता. डिस्क तापल्या. मग तो चकरा मारायला लागला.

नानांच्या दारात माणसं जमली होती. नाना खुर्चीत बसले होते, मांडीवर नारळ. पुढे रस्त्यावर पांढरी रेष. लाल गाडी चढानं वर आली, रेष ओलांडून तशीच पुढे गेली. नानांनी भुवई वर केली. प्रणोती म्हणाली, निवतायत नाना, डिस्क निवतायत.

गाडी दुसऱ्यांदा आली आणि गेली. तिसऱ्यांदा आली आणि गेली. पूजेचा मुहूर्त सरत होता. आठव्या चकरेला नाना म्हणाले, "ब्रेक नवे बसवलेत ना, की काढून ठेवलेत?" माणसं हसली. प्रणोतीला हसू येईना. ती धावत गॅरेजवर गेली आणि मामांना घेऊन आली. अकराव्या चकरेला मामा दोन्ही हात पसरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि थांब, थांब म्हणून ओरडले.

म्हादबानं त्यांना हसून हात केला. मामा आपली परीक्षा बघतात, हे त्यानं ओळखलं होतं.

आता त्याच्या बाजूनं बघा. डिस्क निवल्याशिवाय थांबायचं नव्हतं. निवल्या की नाही हे हात लावल्याशिवाय कळणार नव्हतं. तापलेल्या वस्तूला हात लावायचा नव्हता. आणि हात लावायचाच म्हटलं तरी त्यासाठी आधी थांबायला हवं होतं. मी याच्यावर बराच विचार केला. त्याचं कुठे चुकलं ते मला दाखवता येत नाही.

एकोणिसाव्या चकरेला पेट्रोल संपलं.

चढ होता. इंजिन बंद पडलं, गाडी आपल्या वेगानं थोडी वर आली, मंदावली, आणखी मंदावली, आणि पुढची चाकं बरोबर फक्कीच्या रेषेवर असताना थांबली. पुसटसुद्धा आवाज झाला नाही. ती मागे सरकायच्या आत प्रणोतीनं धावत जाऊन मागच्या चाकाला दगड लावला.

नाना उठले. रेषेकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. "व्वा," ते म्हणाले. "अशी थांबलेली गाडी मी बघितली नव्हती. लोण्यात सुरी थांबावी तशी."

मामांना गाडी कशानं थांबली ते कळलं होतं. प्रणोतीलाही कळलं होतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि खाचांच्या डिस्कची चीजच वेगळी, असं मामा म्हणाले.

मग गडबड उडाली. गाडीला झेंडूचा हार घातला. प्रणोतीनं बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं. नाना जमलेल्या लोकांना डिस्कविषयी सांगायला लागले. भोकांची नुसती दिसायला असते, मी पहिल्यापासून खाचांचीच म्हणत होतो. ते नारळाची शेंडी सोलत बोलत होते आणि रंगात आले होते.

म्हादबा गाडीतून उतरला. डिस्क तापलेल्या असतील म्हणून हँडब्रेक त्यानं ओढला नव्हता. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या चाकापाशी तो वाकला. चाकाखाली दगड अडकला होता.

अडकलेलं दिसलं की काढायचं, हे त्याला माहीत होतं. पण विचारल्याशिवाय काढायचं नाही, हेही माहीत होतं. या वेळी तो चुकणार नव्हता. तो सरळ गाडीच्या मालकिणीच्या वडिलांकडे गेला.

"नाना, चाकाखाली दगड अडकलाय. काढू?"

नाना खाचांच्या खोलीबद्दल सांगत होते. "काढ, काढ," ते म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

म्हादबानं दगड काढला.

गाडी सावकाश मागे निघाली. हार हलत होता. कुणाला आधी काही वाटलंच नाही, गाडी इतकी शांतपणे निघाली. मग ती वेगात आली, वळणापाशी रस्ता वळला आणि गाडी वळली नाही. ऊस दोन्ही बाजूंना झाला, त्यानं तिला आत घेतलं आणि तो पुन्हा मिटला. वर थोडा वेळ तुरे हलत राहिले. मागच्या वर्षीचीच जागा होती.

नानांच्या हातात नारळ तसाच होता.

"उसात गेली," नाना म्हणाले.

"रेषेवर थांबली होती, नाना," प्रणोती म्हणाली.

"ती थांबली. पण उसात गेली तर विकणार, असंही म्हटलं होतं मी."

"गेली नाही. तुम्ही पाठवली. चार माणसांसमोर म्हणालात, काढ."

नानांनी जमलेल्या माणसांकडे बघितलं. सगळे दुसरीकडे बघायला लागले. नानांनी बराच वेळ विचार केला. मग ते रेषेपाशी गेले आणि रिकाम्या रेषेवर नारळ फोडला. "जा शर्यतीला," ते म्हणाले. "पण जाताना त्याला सोबत नेऊ नको."

माणसं उसाकडे पळाली. सगळ्यांच्या पुढे दस्तगीरमामा. म्हादबा त्यांच्याही आधी पोहोचला होता. गाडीला एक ओरखडा नव्हता, हारही तसाच होता. मागच्या चाकापाशी चिखलात तो उकिडवा बसला होता. चाकाच्या काड्यांमधून खाचांची नवीकोरी डिस्क दिसत होती, आणि तो मलम लावलेला हात पुढे करून थांबला होता.

"मामा," तो म्हणाला, "आता हात लावू का?"

मामांना दम लागला होता. ते उसाला धरून उभे राहिले. "लाव बाबा," ते म्हणाले. "लाव."

म्हादबानं डिस्कला हात लावला. नीट, सगळीकडून. मग वर बघितलं. त्याचा चेहरा समाधानानं भरून आला होता.

"निवल्या," तो म्हणाला. "आता थांबवू का गाडी?"